एकतिसावा दाणा

फरजाना माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला तीन नियम सांगितले आणि तिने तीन वेळा "काहून?" विचारलं. वरच्या खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही. काहून? घर माझं आहे म्हणून. भेटायला येणाऱ्यांना वर न्यायचं नाही, खाली खानावळीत बसवायचं. काहून? जिना अरुंद आहे आणि लोकांची तोंडं रुंद आहेत. जेवायला उशीर झाला तर ताट झाकून ठेवणार नाही. काहून? याला मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "तुले खोली पाहिजे का उत्तरं?"

"दोन्ही पाहिजे, मावशी," ती म्हणाली.

मी चौथी शिकलेली बाई. वाशिमात कॉलेजच्या रस्त्याला माझी खानावळ आहे. भाजी दिराच्या मळ्यातून येते, भाकरी मी आणि कामाला असलेली कमल थापतो. पोरं येतात, जेवतात, पास होतात नाहीतर नापास होतात, आणि जातात. त्यांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. कोण किती भाकरी खायचा ते राहतं. फरजाना अडीच खायची. वादात हरली तर साडेतीन. पण तिचं नाव लक्षात राहिलं, त्याचं कारण सांगते.

तिचा बाप रिसोडचा पिंजारी. गाद्या, रजया भरून देणारा. घरातली कॉलेजात आलेली ही पहिलीच. ठेंगणी, आवाज मोठा, ओढणीच्या काठाला कायम एक सुई टोचलेली. दोरा पिशवीत. कोणाच्या दप्तराचा बंद तुटलेला दिसला की न विचारता ओढून घ्यायची आणि बोलता बोलता शिवून परत द्यायची. त्या पोराला वाटायचं हिने उपकार केला. उपकार वगैरे काही नव्हतं. हात रिकामा असला की तिला बोलता येत नसे, एवढंच.

पहिल्याच दुपारी तिने खोलीतली गादी उचलून गच्चीवर नेली.

"मावशी, याच्यात गोटे झाले. कोन झोपत होतं यावर, म्हैस?"

"माहा भाचा."

"मंग तेच."

तिने गादी उसवली, कापूस काढला आणि दोन काठ्यांनी झोडपायला लागली. खाली माझ्या वरणात कापूस उडून पडला. मी शिव्या दिल्या. ती वरूनच ओरडली, "गादी कशी हाय थे खोळ पाहून समजत नाही, मावशी! झोपून समजते!" हे वाक्य तिने पुढे तीन वर्षं सगळ्यांना लावलं. प्राध्यापकांना, पुढाऱ्यांना, आणि तिला बघायला आलेल्या एका मुलाला त्याच्या तोंडावर. तो मुलगा चहा न पिता गेला.

तिची आणखी एक खोड होती. वाद अर्धा राहिला की ती तो अर्धाच झोपायला न्यायची. सकाळी जिना उतरता उतरता, राम राम नाही, काही नाही, "अन् दुसरं म्हंजे, मावशी..." असं सुरू. काल कुठे थांबलो होतो ते मला आठवायला वेळ लागायचा. तिला लागत नसे. पटलं तर लगेच म्हणायची, "पटलं." नाही पटलं तर मेलेल्या आजोबानं येऊन सांगितलं तरी नाही.

माझ्या खानावळीत दर रविवारी दुपारी पोरांची एक संघटना जमायची. नाव लिहीत नाही. चार शब्दांचं मोठं नाव होतं आणि दर दोन वर्षांनी त्यातला एक शब्द बदलायचा. जिल्हा समितीत तीस जण. रिसोडचे, मानोऱ्याचे, कारंज्याचे, वाशिमचे. एसटीच्या पाससाठी, वसतिगृहातल्या पाण्यासाठी, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी भांडायचे. कामं चांगली करायचे, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे जमायचे कारण माझ्याकडे बाकं होती आणि पाणी थंड होतं.

वर्षातून एकदा त्यांचा अध्यक्ष निवडायचा. निवडायचा म्हणजे काय, तर जुना अध्यक्ष उभा राहायचा, एक नाव घ्यायचा, सगळे टाळ्या वाजवायचे आणि गुलाल उडायचा. तो गुलाल पुढे आठ दिवस माझ्या कणकेत निघायचा. ते नाव आदल्या दिवशी फोनवर आलेलं असायचं. वाशिमातले एक पुढारी होते, पोरं त्यांना नुसतं "साहेब" म्हणायची. फोनला रेंज फक्त माझ्या चुलीशेजारच्या खिडकीत होती, त्यामुळे अध्यक्ष कोण होणार हे जिल्ह्यात सगळ्यात आधी मला आणि कमलला कळायचं.

फरजानाच्या पहिल्या वर्षी गजानन अध्यक्ष होता. मोठा गोड बोलणारा पोरगा, सहा भाकऱ्यांचा. त्या रविवारी त्याने उभं राहून स्वतःचंच नाव पुन्हा घेतलं. टाळ्या झाल्या. रिसोडकडून समितीत आलेली फरजाना कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्यावर बसून कोणाची तरी पिशवी शिवत होती.

"फरजाना, टाळी वाजव ना वं," गजानन म्हणाला.

"हातात सुई हाय."

"ठेव ना मंग खाली."

"ठेवतो. पह्यले एक सांग. तू वहीत लिहिलं, 'एकमताने निवड'. मत कोनं इचारलं? मले तं नाही इचारलं."

"मावशीले इचारलं असन!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी पण हसले.

गजानन म्हणाला, "आपल्यात अशीच पद्धत हाय."

"काहून?"

गजाननला पण उत्तर सुचलं नाही. मला बरं वाटलं, की ते फक्त मलाच होत नाही.

त्यानंतर एक वर्ष ती त्या एका गोष्टीमागे लागली. अध्यक्ष साहेबांनी सांगायचा नाही, तिसांनी निवडायचा. निदान दोन नावं पाहिजेत. आणि मत गुप्त पाहिजे. एसटीने मानोऱ्याला जायची, तिथून तांड्यांवर पायी, एकेकाच्या घरी बसून समजावायची. पोरं म्हणायची, फायदा काय? अध्यक्ष कोणीही झाला तरी पासचा अर्ज तोच लिहायचा आहे. ती म्हणायची, "साहेबानं नेमलेला साहेबाच्या तोंडाकडं पाह्यते. आपुन नेमलेला आपल्या तोंडाकडं पाहीन." शेवटी तिने गजाननलाही कबूल करवलं. त्याला वाटलं, होऊ दे, काय बिघडतं.

दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या झाल्या. गजाननच्या विरुद्ध कारंज्याचा एक पोरगा उभा होता. सगळ्यांनी नावं लिहून चिठ्ठ्या माझ्या पिठाच्या डब्यात टाकल्या. मोजायला गजानन बसला. पहिली चिठ्ठी उघडली, वाचली आणि म्हणाला, "हे इंगळ्याचं. 'न'ची शेपटी पाहा." दुसरी उघडली. "हे आपल्या मानोऱ्याच्या पोराचं. रेघ मारतच नाही कधी." गजाननला तीसच्या तीस जणांची अक्षरं ओळखू येत होती, कारण तीन वर्षं तो सगळ्यांच्या वह्यांवरून उतरवून घेत होता. स्वतःची वही त्याने एकही लिहिली नव्हती. आळशी माणसाला असं ज्ञान असतं. गजाननच परत निवडून आला.

रिठदच्या वंदनाने गजाननच्या विरुद्ध लिहिलं होतं. तिला दुसऱ्या रविवारपासून सभेचा निरोपच जाईना. फरजाना रिठदला गेली. वंदनाने सरळ सांगितलं, "मले नको तुहं गुप्त मत. मत देलं अन् तोंड दाखवाची चोरी झाली. टाळ्याच बऱ्या होत्या."

त्या संध्याकाळी फरजानाने साडेतीन भाकरी खाल्ल्या. मी समोर बसून तूर निवडत होते. ती सुपाकडे बघत राहिली. मला वाटलं हिला रडू येणार. ती म्हणाली, "मावशी, तुरीच्या दान्यावर कोनाचं अक्षर असते का?"

"असते ना. देवाचं."

"थे गजाननले वाचता येत नाही," ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी घासायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षीची तयारी तिने लग्नासारखी केली. माझ्या कोठीच्या खोलीत दोन वाट्या ठेवायच्या, एक तुरीची, एक हरभऱ्याची. मधे मडकं, तोंडावर फडकं, फडक्याला भोक. एकेकाने आत जायचं, एक दाणा टाकायचा, बाहेर यायचं. मी म्हटलं, हरभरा जड, तो पडला की आवाज वेगळा येईल, गजानन दाराला कान लावून बसेल. तिला ते एकदम पटलं. तिने रिसोडहून आणलेला पिंजलेला कापूस मडक्यात भरला. मग त्यात म्हैस टाकली असती तरी आवाज आला नसता. हे सगळं समजावून तिने वंदनाला परत आणलं.

या वेळी फरजाना स्वतः उभी राहिली. तिचं चिन्ह तूर. साहेबांकडून नाव आलं होतं प्रदीपचं, मानोऱ्याकडच्या तांड्यातला शांत पोरगा. त्याचं चिन्ह हरभरा. तिला अध्यक्ष व्हायचं होतं. ते ती लपवत नव्हती. "मले पाहिजे थे," असं ती लहान पोरगी बांगड्या मागते तसं म्हणायची.

आता माझं सांगते. निवडणुकीच्या महिनाभर आधी तिचा बाप आला होता. माझ्यासाठी रजई घेऊन. जेवला, हात धुतला आणि म्हणाला, "बाई, पोरगी शेवटच्या सालात हाय. एवढी पास झाली का माहं काम झालं." दुसरं काही म्हणाला नाही. पण मी खानावळीतल्या एकाच भिंतीखाली वर्षानुवर्षं अध्यक्ष बसलेले पाहिले होते. अध्यक्ष झाला की तो पोरगा मोर्चात, पोलीस ठाण्यात, साहेबांच्या गाडीत. परीक्षेत नाही. गजानन पाचव्या वर्षी तिसऱ्या वर्षात होता. माझं मत असं झालं की पद्धत हिने बदलली ते चांगलं केलं, आता खुर्ची दुसऱ्या कोणी उबवावी.

मतदानाच्या दिवशी मी कोठीच्या दाराशी बसून एकेकाला आत सोडत होते. तीस झाले. फरजाना म्हणाली, "मावशी, मडकं आना." मी आत गेले. वाट्या समोर होत्या. मला माहीत होतं की मला मत नाही. तरी मी एक दाणा उचलला आणि टाकला. हरभऱ्याचा.

मोजायला गजानन आणि वंदना बसले. कापसातून एकेक दाणा ओढून काढायचा, वर्तमानपत्रावर ठेवायचा. वेळ लागला. शेवटी वंदना म्हणाली, "तूर सोळा, हरभरा पंधरा." एकच गलका झाला. कोणीतरी गुलालाची पुडी फोडली. फरजाना लाल झाली, मग एकदम हात वर केला.

"थांबा. आपुन किती जन हाओ?"

"तीस."

"मंग दाने एकतीस कसे?"

पुन्हा मोजले. एकतीस. गजानन मांडी ठोकून म्हणाला, "पाह्यलं? म्हनून सांगत होतो. टाळ्या बऱ्या. एक मानूस दोन टाळ्या वाजवू शकत नाही." मग सुरू झालं. रिसोडवाले मानोऱ्यावाल्यांना चोर म्हणाले, मानोऱ्यावाले कारंज्यावाल्यांना. कोणीतरी म्हणालं, "फरजानानंच टाकले असन दोन. मडकं तिचं, कापूस तिचा." वंदना पायात चप्पल घालायला लागली. मी फरजानाकडे पाहिलं. तिने ओढणीची सुई काढून हातात धरली होती, शिवायला मात्र काही नव्हतं.

मी पिठाचे हात पुसले आणि पुढे आले. "थो एक दाना माहा हाय."

"काहून?" तीस जण एकदम म्हणाले.

"तीन वर्षं तुमचं भांडन आयकून राह्यली. मले बी वाटलं, टाकाव एक."

गजानन हसला. "मंग तं सोपं झालं. मावशीचा दाना तुरीचा, दुसरा कोनता असन? म्हंजे तूर पंधरा, हरभरा पंधरा. बराबरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाला शंकाच नव्हती. ती माझ्या घरात राहायची.

मी म्हटलं, "आयका, माहा दाना..."

"मावशी, सांगू नका!" फरजाना अशी ओरडली की कमलच्या हातून झारा पडला. "कोनता होता थे सांगाचं नाही. कोनालेच नाही. मले बी नाही."

"अव, पन त्यानं फैसला होते ना," गजानन म्हणाला.

"असा फैसला नाही पाहिजे. आज मावशीले सांगाले लावलं तं उद्या तू सगळ्यायले सांगाले लावशीन. गुप्त म्हंजे गुप्त. हे दाने फेका. परत टाका."

मी तोंड मिटलं. हिशोब सगळ्या खानावळीत मला एकटीला माहीत होता. माझा हरभरा काढला तर हरभरा चौदा, तूर सोळा. ती सरळ निवडून आली होती. मी ते एका वाक्यात सांगू शकत होते. तिने सांगू नका म्हटलं म्हणून गप्प बसले, असं म्हणायला छान वाटतं. खरं असं की तिचा हुकूम माझ्या सोयीचा होता.

पुन्हा मतदान झालं. मला कोठीपासून उठवून रस्त्याच्या दाराशी बसवलं. "मावशी, तुमी भायेर." माझ्याच घरात. या वेळी दाणे बरोबर तीस निघाले. हरभरा सोळा, तूर चौदा. पहिल्यांदा तुरीवाले दोघे दुसऱ्यांदा हरभऱ्याकडे गेले होते. का गेले, कोण गेले, ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. गजाननने एकेकाचं तोंड निरखून पाहिलं. काही वाचता आलं नाही. साहेबांचा माणूस निवडून आला तरी गजाननचा चेहरा पडलेला होता. वंदनाने चप्पल काढून ठेवली.

फरजानाने हातातली सुई ओढणीला टोचली आणि टाळी वाजवली. तीन वर्षांत पहिली. एकटीच वाजवत होती, चांगली मोठ्याने. मग बाकीचे वाजवू लागले. प्रदीप लाजून उभा राहिला आणि म्हणाला, "मले चौदा जनायनं नाही म्हटलं. थ्यायचं काय म्हननं हाय, थे पह्यले सांगा." असं बोललेला अध्यक्ष मी त्या भिंतीखाली आधी पाहिला नव्हता.

फरजानाने त्या दिवशी साडेतीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यावरून आवाज आला. "अन् दुसरं म्हंजे, मावशी, तुमी सदस्य नाही! तुमाले दाना टाकाचा हक कोनं देला?" चांगली अर्धा तास बोलली. मी भाकरी थापत ऐकून घेतलं. बरोबर बोलत होती. शेवटी मी म्हटलं, "पटलं." तिने हे माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ती इतकी खूश झाली की कॉलेजला उशिरा गेली.

मला वाईट वाटलं का? वाटलं, दोनेक दिवस. मग ती अभ्यासाला बसली, परीक्षा दिली, चांगली पास झाली. बापाने पेढे आणले. पण मी टाकलेल्या दाण्यामुळे ती पास झाली असं मी म्हणत नाही. अध्यक्ष होऊनही झाली असती कदाचित. तशी होती ती.

पुढच्या वर्षी ती नव्हती, बी.एड.ला गेली होती. खिडकीत प्रदीपचा फोन वाजला, मी आणि कमलने नाव ऐकलं. रविवारी प्रदीप उभा राहिला, नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "मडकं कुठी हाय?" मग दुसरा म्हणाला, मग सगळे. प्रदीप हसायला लागला. स्वतःच कोठीत जाऊन मडकं घेऊन आला. साहेबांचं नाव कोणतं होतं ते मी विसरले. ते निवडून आलं नाही. मधे एकदा मडकं फुटलं, दुसरं आणलं. कापूस अजून तोच आहे.

फरजानाला मी शेवटचं पाहिलं जऊळक्याच्या स्टेशनवर. मी बहिणीकडे गेले होते. ती तिथून गाडीने नोकरीवर निघाली होती, लांबच्या एका शाळेत. गाडीला वेळ होता. बाप सोबत होता, त्याच्या खांद्यावर गुंडाळलेली नवी गादी. तिकडच्या गाद्यांवर त्याचा भरवसा नव्हता. माझ्या पिशवीचा बंद सुटलेला तिने पाहिला, पिशवी ओढून घेतली आणि शिवायला बसली.

"मावशी, एक इचारू? थो दाना..."

"कोनता दाना?"

"तुमाले माहीत हाय कोनता. आता सांगा. आता मी सदस्य नाही, तुमी बी नाही."

मी कोणाला तोंडावर काही सांगायला कधी भ्यायले नाही. तेव्हाही भ्यायले नव्हते. पण तिने तीस पोरांसमोर जे मांडलं होतं, ते तिच्यासाठी तरी मी का मोडावं?

"गुप्त म्हंजे गुप्त," मी म्हटलं.

ती एवढ्या मोठ्याने हसली की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. दातांनी दोरा तोडला, पिशवी माझ्या हातात दिली. गाडी आली. बापाने आधी गादी आत ढकलली, मग तिला. गाडी हलली तेव्हा ती दारात त्या गादीवरच बसलेली होती. तिथून ओरडली, "तूर! तूरच असन!"

मी हात हलवला. हो नाही, नाही पण नाही.

"पटलं नाही, मावशी!" गाडी पुढे गेली तरी आवाज येत होता. "अन् दुसरं म्हंजे..."

दुसरं काय ते ऐकू आलं नाही. भेटेल तेव्हा ती तिथूनच सुरू करेल.